मीठ महाग होतं तेव्हाचा खारा बांगडा

आगोटीची खरेदी सुरू झाली आहे, म्हणून आज खाऱ्या मासळीची आणि तिच्यावरच्या बुरशीची जुनी हकिकत.

इंग्रजांच्या काळात मिठावर जबर कर होता. मिठागरं किनाऱ्यावरच, पण मासळी खारवणाऱ्या घरात मीठ जपून वापरावं लागे. मीठ कमी पडलं की माशात ओल राहते. मग तो कुजतो, नाहीतर बुरशी धरतो. फ्रान्सिस डे या सरकारी अधिकाऱ्याने १८७३च्या मासेमारीवरील अहवालात या महाग मिठाकडे लक्ष वेधलं. पुढे मद्रास इलाख्यात आणि आपल्या रत्नागिरी किनाऱ्यावरही मासळी खारवण्याची सरकारी आवारं निघाली. तिथे मीठ स्वस्त मिळे, पण मासा आवारात आणूनच खारवायचा, मीठ बाहेर न्यायचं नाही. म्हणजे दर्याकाठच्या बाईने मीठ पहाऱ्यात वापरायचं! १९३०मध्ये शिरोड्याला सत्याग्रह झाला तो याच मिठासाठी. १९४७ला कर गेला.

बुरशी मात्र गेली नाही. अर्धवट वाळलेला माल प्लास्टिकमध्ये बांधला, वर पावसाळी हवा लागली, की ती येतेच. पूर्वी ती झटकून, ऊन दाखवून मासळी परत टोपलीत येई. तिच्यात विष असू शकतं हे कळलं १९६०मध्ये, इंग्लंडात बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की कोंबडे मेले तेव्हा. १९७४ला गुजरात-राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशीच्या मक्याने शंभराहून जास्त माणसं गेली. तीच बुरशी सुक्या मासळीवरही वाढू शकते. प्रत्येक बुरशी विषारी नसते, पण नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. झटकून, धुऊन, तळूनही विष जात नाही.

मिठाचा पांढरा थर बोटाला खरखरीत लागतो, पाण्यात विरघळतो. बुरशी कापसासारखी मऊ, तिला कोंदट वास. असा मासा घेऊ नका, पण विकणारीशी भांडूही नका. तिनेही तो उधारीवर उचललेला असतो, आणि टोपली टाकून दिली तर घाटा तिचाच. आमच्या गटांतल्या विकणाऱ्या बायकांसाठी आम्ही एवढंच धरून बसलोय: वाळवण वाळूवर नको, मांडवावर घाला. आणि उन्हातून काढलेली मासळी पुरती गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. गरम भरली की झाकणाला आतून घाम सुटतो.