हौदातले गप्पी

मासे पाळणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची पेटी उभी राहते. पेटीत निळा दिवा, तळाला रंगीत खडे, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणि समोर सोफ्यावर चहा पिणारे पाहुणे. पण ही पेटी अगदी परवाची हो! पाणवनस्पती आणि मासे एकत्र ठेवले तर पाणी टिकतं, हे इंग्लंडातल्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८५० साली मांडलं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांचं पुस्तक आलं आणि काचपेट्यांचं खूळ घरोघर पसरलं. त्याआधीची कित्येक शतकं हौसेचे मासे राहिले ते तळ्यात, हौदात आणि मातीच्या रांजणात.

चीनचा सोंग सम्राट गाओझोंग याने ११६२ साली गादी सोडली आणि हांगचौच्या वाड्यात सोनेरी माशांचं तळं राखलं. (आमच्याकडे निवृत्त माणूस पतपेढीच्या कार्यकारिणीवर जातो. मासे जास्त शांत.) गंमत म्हणजे हे मासे माणूस वरून बघायचा, त्यामुळे त्यांचं रूपही वरून शोभेल असंच घडत गेलं. जपानातला रांचू आजही स्पर्धेत वरूनच जोखतात. काचेतून बाजूने पाहणं म्हणजे नाटक विंगेतून पाहण्यासारखं!

अर्थात वरून फक्त माणूसच बघतो असं नाही. १७४७ साली होरेस वॉलपोल या इंग्रज गृहस्थाची मांजर सोनेरी माशांच्या चिनीमातीच्या भांड्यात पडून बुडाली. थॉमस ग्रे या कवीने त्यावर कविता केली. ती मांजरावर, माशांवर नव्हे.

आमच्या परसातला हौद याच जुन्या घराण्यातला, असं मी घरात सांगत असे. त्यावर ही म्हणायची, "घराणं राहू दे, आधी तो पाडा." तिचंही खरं होतं. आदल्या पावसाळ्यात नातवाला डेंग्यू झाला होता. आठ दिवस त्याच्या प्लेटलेट्सचे आकडे आम्ही धावसंख्येसारखे नातेवाइकांना फोनवर सांगत होतो, फक्त कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. गच्चीवर टाकी बसल्यापासून धुण्याच्या त्या पाच बाय तीन फुटी हौदाला काम उरलं नव्हतं. त्यात पावसाचं पाणी साठे आणि डेंग्यूचा डास तर अशा स्वच्छ, साठलेल्या पाण्यावर टपलेलाच! शेवटी तह झाला. मी मासे सोडायचे. पावसाळ्यात एक जरी अळी दिसली तरी हौद जमीनदोस्त.

सोनेरी मासा मी घेतला नाही. आळीत बोके चार. घेतले ते गप्पी. नावावरून हा प्राणी कट्ट्यावर बसणारा वाटतो, पण तोंडातून चकार शब्द नाही. त्रिनिदादमध्ये रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी नावाचे एक शाळातपासनीस होते. त्यांनी पाठवलेल्या माशाला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ग्युंथर यांनी १८६६ साली त्यांचं नाव दिलं. नंतर कळलं की जर्मनीच्या पीटर्स यांनी तो १८५९ सालीच वर्णिला होता. शास्त्राने पीटर्सचं नाव राखलं, लोकांनी गप्पींचं. शाळातपासनिसाची आठवण इतकी वर्षं इतक्या प्रेमाने निघाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

डासांशी या माशांचं वैर आपल्याकडेही जुनं. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले आणि साठलेल्या पाण्याकडे बघण्याची सरकारची नजरच बदलली. १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईच्या मलेरियाचा ठपका शहरातल्या विहिरींवर ठेवला. विहिरी बुजवा, झाका, असा धोशा सुरू झाला. पारशी मंडळींनी हरकत घेतली, कारण त्यांच्या लेखी विहीर पवित्र. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही आहे. बुजवता न येणाऱ्या पाण्यात अळ्या खाणारे मासे सोडायचे, ही युक्ती त्याच सुमाराची. विहीर की आरोग्य, हा मुंबईचा वाद माझ्या घरात हौद की नातू या रूपाने चालू होता, इतकंच.

तयारी काही फार नव्हती. हौद जुना, म्हणून सिमेंटचा क्षार उतरायची भीती नाही. नव्या हौदाचं पाणी मात्र काही आठवडे बदलत राहावं लागतं. तळाला दोन पाट्या माती, थोडी पाणवनस्पती, पिल्लांना लपायला आडवी फुटकी कुंडी आणि अर्ध्या हौदावर सावलीला जुन्या दाराचं फळकूट. गप्पी अंडी घालत नाही, थेट पोहती पिल्लं देतो, तीही साधारण महिन्याला. एकदा नर भेटला की मादी पुढचे काही महिने त्याच्याशिवाय वेणा काढते. आईबापच पिल्लं खातात, म्हणून ती कुंडी. दहाचे किती झाले हे दिवाळीपर्यंत मोजत होतो. मग मोजणं सोडलं. शेजारच्या अण्णांना त्यातले चार ओंजळी ओढ्यात सोडून पुण्य मिळवायचं होतं. त्यांना मी नको म्हटलं. परका मासा ओढ्यात शिरला की तिथल्या गावठी माशांची अंडी-पिल्लं फस्त करतो.

एक झालं मात्र. दुकानातून आणलेल्या नरांच्या शेपट्या पैठणीच्या पदरासारख्या होत्या. तीन वर्षांत हौदात सगळे गव्हाळ, आखूड शेपटीचे. लांब पदर सावरत पळणारा नर आधी खंड्याला सापडे. जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने हरितगृहात हौद बांधून नेमकं हेच पाहिलं आणि १९८० साली छापलं: शिकारी मासा सोबत असेल तर पिढ्यांगणिक नरांचे ठिपके कमी होतात, नसेल तर वाढतात. ते वाचल्यावर खंड्याकडे बघण्याची माझी दृष्टी निवळली. हिची नाही. "शंभर रुपये जोडीचे होते ते," ती म्हणाली.

श्रावणात पालिकेच्या हिवताप विभागाचा माणूस बॅटरी घेऊन आला. ही पदर खोचून शेजारी उभी. त्याने हौदात उजेड पाडला, बराच वेळ पाहिलं, पाणी ढवळलं, पुन्हा पाहिलं. अळी एकही नाही. मग तो अण्णांकडे गेला आणि त्यांच्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये त्याला पन्नासेक सापडल्या. अण्णा दोन दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

जाताना तो माणूस परत आमच्या फाटकाशी आला. हातात पाण्याची रिकामी बाटली.

"पलीकडच्या बांधकामावर टाकी उघडी आहे. थोडे मासे द्याल?"

मी म्हटलं, "देतो की. पण रंगीत राहिले नाहीत हो."

"रंगीत कशाला?" तो म्हणाला. "हेच द्या. जगलेले आहेत."