दुष्काळाचें कलम

संकटकालीं राजानें प्रजेस अन्न द्यावें, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. परंतु तें अन्न दान म्हणून द्यावयाचें कीं देणें म्हणून, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. दान दात्याच्या मर्जीवर अवलंबून असतें. देण्याचा तगादा करण्याचा घेणेकऱ्यास अधिकार असतो. दोन्ही प्रकारीं पदरांत पडणारें धान्य एकच. तथापि घेणाऱ्याची मान ताठ राहावयाची कीं खालीं जावयाची, तें या भेदावरच ठरतें. या भेदाचा एक बोधप्रद इतिहास कॅनडा देशांत घडला आहे. त्याचा आरंभ १८७६ सालीं झाला, आणि तो अद्यापि संपलेला नाहीं.

कॅनडाच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण गवताळ मैदानांत क्री लोकांची वस्ती होती. बायसन या रानगव्याच्या कळपांवर त्यांचा सारा संसार चाले. त्याचें मांस हें अन्न, त्याचें कातडें हाच निवारा व हेंच पांघरूण. १८६९-७० च्या सुमारास देवीच्या सांथीनें या लोकांची मोठी हानि केली. पुढें बंदुका व कातड्यांचा व्यापार यांमुळें बायसनांचे कळपहि झपाट्यानें विरळ होऊं लागले. इकडे १८६७ सालीं जन्मास आलेल्या कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारास नव्या वसाहतींसाठीं आणि रेल्वेसाठीं हीच भूमि हवी होती. मूळ रहिवाशांचा कारभारहि राज्यघटनेनें याच सरकारकडे सोंपविला होता. १८७१ पासून त्यानें एकेका प्रदेशांतील लोकांशीं तह करण्याचा क्रम धरिला. असे पांच तह झाले, आणि सहाव्यासाठीं ऑगस्ट १८७६ मध्यें फोर्ट कार्ल्टन येथें सभा भरली.

सरकारच्या बाजूनें लेफ्टनंट गव्हर्नर अलेक्झांडर मॉरिस हे बोलणीं करीत होते. सुमारें १,२०,००० चौरस मैलांचा प्रदेश सरकारास मिळावा, आणि मोबदल्यांत क्री लोकांना राखीव जमिनी, माणशीं सालीना पांच डॉलर, शेतीचीं अवजारें, गुरें व शाळा मिळाव्या, असा प्रस्ताव होता. मिस्तावासिस व अहताहकाकूप हे वडीलधारे नायक तहास अनुकूल होते. पाउंडमेकर हा तरुण पुढारी साशंक होता. परंतु एक चिंता सर्वांनाच होती. शिकार संपत आली आहे, शेती अद्याप येत नाहीं. मधल्या काळांत उपासमार आली तर काय करावयाचें? सरकार तुम्हांस रोज उठून जेवूं घालूं शकणार नाहीं, असें मॉरिस यांचें म्हणणें पडलें. रोजचें जेवण आम्ही मागतच नाहीं, मोठें संकट कोसळेल त्या वेळीं साह्य मिळावें एवढेंच मागतों, असा क्री लोकांचा खुलासा होता. अखेर पूर्वींच्या कोणत्याहि तहांत नसलेल्या दोन गोष्टी या तहांत आल्या. प्रत्येक इंडियन एजंटाच्या घरीं या लोकांच्या उपयोगासाठीं औषधांची पेटी ठेवावयाची, ही एक; आणि सांथ किंवा सार्वत्रिक दुष्काळ आल्यास राणीच्या सरकारानें साह्य करावयाचें, ही दुसरी. आपली जमीन देऊन या लोकांनीं आपत्तीचा जणूं विमाच उतरविला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु कलमाच्या शब्दांतच त्याचें दौर्बल्य दडलेलें होतें. दुष्काळ पडला आहे, असा दाखला इंडियन एजंटानें द्यावयाचा. मग साह्य कोणतें व किती, तें त्या खात्याच्या मुख्य अधिकाऱ्यानें ठरवावयाचें. म्हणजे देणें लागतें कीं नाहीं, याचा निवाडा ऋणकोच करणार! घेणेकऱ्याच्या हातीं उपाशी पोटाखेरीज पुरावा नव्हता.

परीक्षेची वेळ तीनच वर्षांनीं आली. १८७९ पर्यंत कॅनडाच्या मैदानांतून बायसन जवळजवळ नाहींसे झाले, आणि भुकेलेलीं माणसें सरकारी ठाण्यांभोंवतीं जमूं लागलीं. सरकारनें शिधा दिलाच नाहीं असें नाहीं. पण तो कामाच्या मोबदल्यांत, तुटपुंजा, आणि वागणूक पाहून दिला. पंतप्रधान सर जॉन मॅक्डोनल्ड यांच्याकडेच हें खातें होतें. माणसें उपासमारीच्या कांठावर येईपर्यंत एजंट अन्न नाकारतात व त्यायोगें खर्च कमी राखतात, असें त्यांनीं १८८२ सालीं पार्लमेंटांत समर्थनपूर्वक सांगितलें. ज्या नायकांना नेमून दिलेल्या जागीं जावयाचें नव्हतें त्यांचा शिधा रोखण्यांत आला. बिग बेअर या नायकानें सहा वर्षें तहावर सही करण्याचें नाकारिलें होतें. डिसेंबर १८८२ मध्यें अनुयायांच्या भुकेपुढें त्यास नमावें लागलें. दुष्काळांत आधार म्हणून लिहिलेलें कलम येणेंप्रमाणें दुष्काळाचेंच हत्यार झालें. एप्रिल १८८५ मध्यें फ्रॉग लेक येथें संतप्त तरुणांनीं एजंटासह नऊ जणांस ठार केलें. त्या बंडांतील खुनांबद्दल नोव्हेंबरांत आठ जणांस फांशीं देण्यांत आलें. हत्येचें समर्थन कोणी करूं नये. परंतु शिधा नाकारल्याचा राग त्या हत्येमागें होता, हेंहि विसरतां येत नाहीं.

हाच काळ आपल्याकडेहि दुष्काळाचा होता, आणि राणीहि तीच होती. १८७६-७८ च्या दुष्काळांत दख्खन होरपळत असतां १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस तिच्या सम्राज्ञीपदाचा दरबार झाला. सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुराचें धान्य दिवसास एक पौंडावर आणिलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध आवाज उठविला. पुढें दुष्काळ-कमिशन बसलें, वर्षास दीड कोटि रुपये बाजूस काढण्याचें ठरलें, १८८३ सालीं दुष्काळाचे नियम तयार झाले. आपल्याकडे नियम झाले, पण ते सरकारनें स्वतःस घालून घेतलेले होते. रयतेशीं केलेला करार त्यामागें नव्हता. क्री लोकांकडे करार होता, पण तो केव्हां पाळावयाचा याचा नियम नव्हता. नियमावांचून हक्क पांगळा आणि हक्कावांचून नियम आंधळा, हें या दोन देशांच्या अनुभवावरून दिसतें.

विसाव्या शतकांत हा वाद न्यायासनापुढें गेला. औषधांच्या पेटीचा अर्थ सर्व औषधें विनामूल्य पुरविणें असा आहे, असा निर्णय १९३५ सालीं ड्रीव्हर खटल्यांत झाला. १९६६ सालीं सस्कॅचवान प्रांताच्या अपील-न्यायालयानें, एजंटाच्या घरची पेटी म्हणजे पेटीच, असा संकुचित अर्थ लाविला. १९८२ च्या राज्यघटनेनें तहांतील हक्कांस मान्यता दिली खरी. पण तेवढ्यानें कलमांचा अर्थ आपोआप ठरत नाहीं.

आतां संकटांचें रूप पालटलें आहे. बायसनांची जागा महापुरांनीं व वणव्यांनीं घेतली आहे. सहाव्या तहाच्या प्रदेशाबाहेरील वस्त्यांस तर दुष्काळाचें कलमहि नाहीं. त्यांना खात्याच्या योजनेवरच विसंबावें लागतें. मॅनिटोबा प्रांतांतील लेक सेंट मार्टिन ही अशीच एक वस्ती. २०११ च्या पुरांत शहरें व शेतें वांचविण्यासाठीं नदीचें पाणी कालव्यानें मॅनिटोबा सरोवरांत वळविण्यांत आलें, आणि तेथून तें खालच्या या वस्तीवर आलें. गांवच्या गांव उठलें. माणसें वर्षानुवर्षें हॉटेलांत व भाड्याच्या घरांत राहिलीं. परतण्यास आरंभ झाला तो २०१७ सालीं. ही वस्ती व शेजारच्या तीन वस्त्या यांच्या दाव्यांत ९ कोटि डॉलरांची तडजोड २०१८ सालीं न्यायालयानें मान्य केली. पैसा आला, पण सर्व गमावल्यानंतर आला.

ही एका गांवाची गोष्ट नव्हे. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनीं २०२२ सालीं या खात्याची तपासणी केली, तेव्हां असें आढळलें कीं, संकट टाळण्यावर व पूर्वतयारीवर जेवढा खर्च झाला, त्याच्या साडेतीन पट खर्च संकट आल्यावरील धांवपळीवर व पुनर्वसनावर झाला. बांधबंदिस्तीसारखीं ११२ कामें खात्यानेंच योग्य ठरवूनहि निधीवांचून पडून होतीं. आधीं खर्चिलेला एक डॉलर पुढचे सहा वांचवितो, हा हिशेब खात्याचाच! १३ वर्षांत १,३०,००० हून अधिक माणसांस घरें सोडावीं लागलीं. २०१३ च्या तपासणींतहि हेच दोष दाखविले होते. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें कळत असूनहि वळत नाहीं, तें असें.

सरकारचीहि एक बाजू आहे. पैसा लोकांचा, तो मागेल त्यास मागेल तेवढा देतां येत नाहीं, कोणी तरी पाहणी करून दाखला द्यावाच लागतो. हें मान्य. परंतु दाखला देणारा नेहमीं देणेकऱ्याचाच नोकर असावा, हें कोणत्या न्यायशास्त्रांत बसतें? आणि बुडालेल्या घराचा पंचनामा जितक्या तत्परतेनें होतो, तितक्या तत्परतेनें न बांधलेल्या बांधाचा कां होऊं नये?

फोर्ट कार्ल्टन येथें जमलेल्या त्या निरक्षर नायकांना अंदाजपत्रकाची विद्या अवगत नव्हती. तथापि पोटांत अन्न आहे तोंवरच पुढील उपासाची तरतूद करावी, आणि ती भीक म्हणून नव्हे तर करार म्हणून करावी, एवढें त्यांना नेमकें समजलें होतें. त्यांनीं आपली बाजू पुरी केली; जमीन दिली. दीड शतक लोटलें. राहिलें आहे तें दुसऱ्या बाजूचें देणें.