सुवर्णनाण्यांवरील व्रण

जुन्या सुवर्णनाण्यांचा संग्राहक सामान्यतः निर्व्यंग नाणे शोधीत असतो. छिद्र पाडलेले, कडेला कान जडविलेले वा छिन्नीचा घाव बसलेले नाणे त्याला उणे वाटते. बाजारात त्याचे मोलही उतरते. परंतु टांकसाळीचा ठसा नाणे कोणी पाडले एवढेच सांगतो. पुढे त्याचे काय झाले, हे सांगतो तो त्यावरील व्रण.

बंगळूरच्या पूर्वेस असलेल्या महादेवपुऱ्यात आज संगणक-व्यवसायामुळे परदेशांशी अहोरात्र व्यवहार चालतो. या भूमीला परदेशी व्यापाराची ओळख मात्र फार जुनी आहे. याच शहरातील यशवंतपूर येथे १८९१ साली चांदीची १६३ रोमन नाणी सापडली. दक्षिणेस पुदुकोट्टई संस्थानात १८९८ साली मिळालेल्या साठ्यात तर ५०१ रोमन सुवर्णनाणी होती, आणि त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावरच छिन्नीचा घाव आहे. नाणे चलनातून बाद होऊन निव्वळ सोने म्हणून तोलले जावे, यासाठी तो घातला असावा, असा एक तर्क आहे. भारतात सापडलेल्या अन्य काही रोमन नाण्यांना सम्राटाच्या मस्तकावर दोन छिद्रे आहेत. रोमचा अधिपती येथे अलंकार होऊन कोणाच्या तरी गळ्यात विसावला होता!

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. व्हेनिसचे डुकॅट हे नाणे १२८४ पासून पाडले जाई. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. व्यापाराबरोबर ते आपल्याकडे आले. त्यावरील मनुष्याकृतींमुळे लोक त्याला ‘पुतळी’ म्हणू लागले आणि पुतळ्यांची माळ घडली. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये लयास गेले. आपल्या सोनारांच्या हातून पुतळ्या मात्र घडतच राहिल्या.

अशा नाण्याचा कान काढून, छिद्र सोन्याने बुजवून ते अखंड म्हणून विकणारेही असतात. भिंगाखाली डाकाचा निराळा रंग आणि घासलेली अक्षरे बहुधा ही लबाडी उघडी पाडतात. परंतु तोवर एक पुरावा नाहीसा झालेला असतो. ज्या छिद्राने परदेशी चलन आपले स्त्रीधन झाले, तेच बुजविले गेलेले असते.

म्हणून घरातील जुनी पुतळी मोडण्यापूर्वी किंवा दुरुस्त करण्यापूर्वी ती जाणकारास दाखवावी आणि ती कोणाकडून कोणाकडे आली, हे लिहून ठेवावे. आटलेल्या सोन्याचे वजन कायम राहते; त्याचा इतिहास मात्र राहत नाही.