पर्ल मोड्यूलची राखण

मुक्त सॉफ्टवेअर एकदा लिहिले की ते आपोआप चालत राहते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. प्रत्यक्षात त्याची राखण करावी लागते आणि ती करणारे बहुधा स्वयंसेवक असतात. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स वितरणातील पर्ल मोड्यूल हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

पर्ल ही लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणलेली स्क्रिप्टिंग भाषा. नेहमीच्या कामांसाठी इतरांनी लिहून ठेवलेले तयार भाग म्हणजे मोड्यूल. १९९५ पासून ते 'सीपॅन' या जागतिक संग्रहात जमा होतात. ते एकेक करून आणल्यास कोणते कशाशी जुळते, हा घोळ वापरणाऱ्याच्याच गळ्यात पडतो. डेबियनमध्ये तो पॅकेजचा राखणदार, म्हणजे 'मेंटेनर', निस्तरतो.

मराठीशी निगडित उदाहरण घेऊ. 'डेटटाइम-लोकेल' हे मोड्यूल अनेक भाषांतील महिन्यांची आणि वारांची नावे पुरविते. त्यात मराठीही आहे. ही नावे मोड्यूलच्या लेखकाने स्वतः रचलेली नसून युनिकोडच्या 'सीएलडीआर' या माहितीसंग्रहातून येतात. समजा, लातूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला त्यातील एका महिन्याच्या संक्षिप्त रूपात चूक आढळली. पॅकेजमध्येच ती दुरुस्त करण्याचा मोह होईल; पण मग प्रत्येक नव्या आवृत्तीला तेच ठिगळ पुन्हा लावावे लागेल आणि इतर वितरणे वापरणाऱ्या मराठी माणसाला त्याचा काही लाभ होणार नाही. दुरुस्ती उगमाकडेच पाठवावी, हा नियम. मूळ प्रकल्पाला या क्षेत्रात 'अपस्ट्रीम', म्हणजे वरच्या अंगाचा, असे म्हणतात. जायकवाडीतून पाणी सुटले की विष्णुपुरीकडे लक्ष ठेवणाऱ्या नांदेडकरांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

राखणदाराचे दैनंदिन काम रुक्ष आहे. सीपॅनवर नवी आवृत्ती आली का ते पाहणे, परवान्याचा मजकूर ताडणे, कोणत्या इतर मोड्यूलांची गरज आहे ते नोंदविणे, चाचण्या चालविणे आणि 'लिंटियन' या तपासनिसाच्या तक्रारी मिटविणे. खुद्द पर्लची मोठी आवृत्ती बदलली की सी भाषेतील भाग असलेली मोड्यूल नव्याने बांधावी लागतात; जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये पर्ल ५.३६ होती, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ५.४० आली. गंभीर दोष दुरुस्त न होता पडून राहिला, तर पॅकेज आगामी आवृत्तीतून वगळले जाते आणि त्यावर अवलंबून असलेली पॅकेजेही त्याच्यासोबत जातात.

राखण एकट्यावर सोडण्यातला धोका मार्च २०२४ मध्ये जगासमोर आला. 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकोचन प्रणालीचा थकलेला एकटा राखणदार मदतीच्या शोधात होता. मदतनीस म्हणून आलेल्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावला आणि मग चोरदरवाजा बसविला. डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत तो पोहोचला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेचा पाठपुरावा करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे तो उघडकीस आला. डेबियनमधील तीन हजारांहून अधिक पर्ल मोड्यूल एका गटाने सामायिकपणे सांभाळण्याची पद्धत म्हणूनच शहाणपणाची वाटते. कोणी मध्येच थांबले तरी दुसरा हात लावू शकतो.

या गटात शिरण्यासाठी पुण्यात नोकरी असावी लागत नाही. पुण्यात २०१० मध्ये 'मिनी डेबकॉन्फ' झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक 'डेबकॉन्फ' कोचीत भरली, तरी मूळ काम इंटरनेटवरूनच चालते. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेतील किंवा लातूरच्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्याला डेबियनच्या 'साल्सा' या संकेतस्थळावर खाते उघडता येते. 'डीएच-मेक-पर्ल' हे साधन सीपॅनवरील मोड्यूलचा कच्चा सांगाडा तयार करून देते. पॅकेज थेट चढविण्याचा अधिकार नवख्याला नसतो. अनुभवी सदस्य ते तपासून त्याच्या वतीने चढवितो. तो बहुधा पहिल्या खेपेस दुरुस्त्यांची यादी परत पाठवितो. नवे पॅकेज घेऊन सुरुवात करण्यापेक्षा नोंदवलेला एखादा जुना दोष मिटविणे सोपे पडते.