प्रकाशस्पंदाचा शेवट : एलईडीच्या चालक मंडलाच्या इतिहासातील एक प्रश्न

वेल्हे भागातील मार्गासनी हे गाव राजगड व तोरणा या दोन्ही दुर्गांच्या वाटेवर आहे. अशा डोंगराळ मुलखात रात्री एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर दिव्याने संकेत पाठवावयाचा आहे, अशी कल्पना करावी. दिवा पेटविणे सोपे. परंतु दोन संकेत निरनिराळे ओळखू यावयाचे तर त्यांच्यामध्ये पुरता अंधार हवा, आणि मशाल काही क्षणात विझत नाही. म्हणून ज्योत तेवत ठेवून तिच्यापुढे झाकण हालवावे लागते. एकोणिसाव्या शतकातील नौकांच्या संकेतदीपांतही हीच युक्ती होती. विजेच्या दिव्यातील तंतूही निवण्यास वेळ घेतो. त्यामुळे शीघ्र संकेतांसाठी झाकणाची गरज तेथेही उरलीच.

प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थाचा, म्हणजे एलईडीचा, इतिहास बहुधा रंगांचा व तेजाचा इतिहास म्हणून सांगितला जातो : 1907 मध्ये राउंड यांना दिसलेली मंद दीप्ती, 1962 मधील होलोन्याक यांचा तांबडा दिवा, आणि निळ्या दिव्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना 2014 मध्ये मिळालेले नोबेल पारितोषिक. हा क्रम खरा असला तरी अपुरा आहे. रशियन संशोधक लोसेव्ह यांनी 1927 मध्येच या दीप्तीवर आधारलेल्या ‘प्रकाश-रिले’साठी एकस्वाचा अर्ज केला होता, व त्यांची दृष्टी संदेशवहनाकडे होती. येथे झाकणाचे काम खुद्द विद्युत्प्रवाहाकडे आले.

परंतु प्रवाहही आज्ञा होताच चालत नाही व थांबत नाही. तारांचे स्वप्रवर्तन प्रवाहातील बदलास विरोध करते. 10 नॅनोहेन्री स्वप्रवर्तनाच्या मार्गात एका नॅनोसेकंदात 1 अँपिअर प्रवाह चढवावयाचा तर तेवढ्यासाठीच 10 व्होल्ट दाब लागतो. निळा दिवा स्वतः मात्र सुमारे 3 व्होल्टवर पेटतो. म्हणजे आरंभ जोरकस दाबाने साधता येतो. शेवट अधिक कठीण आहे. पुरवठा तोडल्यावरही संधीत साठलेले इलेक्ट्रॉन व पोकळ्या एकत्र येतच राहतात आणि स्पंदाला मंद शेपूट फुटते. ती तोडावयाची तर साठलेला विद्युत् भार उलट दिशेने ओढून काढावा लागतो.

या प्रश्नाचे एक सुटसुटीत उत्तर लॉस अॅलॅमॉस येथील कापुस्टिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या मंडलात धारित्र दोन परस्परपूरक ट्रॅन्झिस्टरांतून एकदम रिकामे होते व एलईडी उजळतो. त्याला समांतर जोडलेले लहानसे वेटोळे लगेच विरुद्ध प्रवाह उभा करून स्पंदाचा शेवट करते. आरंभी अडचण ठरणारे स्वप्रवर्तनच येथे विझविण्याच्या कामी येते, हे विशेष होय. भूमध्य समुद्राच्या तळाशी असलेल्या अँटारिस या न्यूट्रिनो-दुर्बिणीतील दीपकांनी याच मंडलाचा आधार घेतला होता.

महाराष्ट्राचाही या इतिहासाशी संबंध येतो. जिनीव्हाजवळील सीएमएस या शोधकाच्या बाह्य हॅड्रॉन-उष्मामापकाच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा प्रमुख वाटा आहे. तेथे कणांच्या टकरी 25 नॅनोसेकंदांच्या अंतराने घडू शकतात, आणि प्रकाशग्राहकांची पारख एलईडीच्या स्पंदांनी केली जाते. कसोटीच्याच दिव्याला लांब शेपूट असेल, तर दोष ग्राहकाचा की दिव्याचा हे कसे ठरवावे?

घरगुती पांढऱ्या एलईडीत आणखी एक अडसर असतो. त्यातील निळा प्रकाश झटकन मावळला तरी त्यावरील पिवळा फॉस्फर काही दशक नॅनोसेकंद उजळत राहतो. म्हणून दिव्यांच्या प्रकाशातून संदेश पाठवू पाहणारे संशोधक ग्राहकापुढे निळी गाळणी ठेवून पिवळा भाग वगळतात. झाकण गेले, त्याजागी गाळणी आली. तेव्हा या साधनाचा इतिहास लिहिताना दिवा किती उजळला, याबरोबरच तो किती लवकर विझला, हेही नोंदविले पाहिजे.