अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा : पासपोर्टवरचा शिक्का आणि त्यानंतरचे नियम

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत मुलाखत होऊन व्हिसा मंजूर झाल्याचे कळले, की घरी पेढे वाटले जातात. हे स्वाभाविकच आहे. चार-पाच मिनिटांच्या त्या मुलाखतीसाठी वर्षभर तयारी केलेली असते, बँकेचे कर्ज मंजूर करून घेतलेले असते आणि सारे घर त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसलेले असते. मात्र पुढची दोन ते पाच वर्षे ज्या नियमांच्या चौकटीत काढायची, ते नियम वाचण्याची तसदी फार थोडे विद्यार्थी घेतात. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजार ६०२ होती आणि चीनला मागे टाकून भारत पहिल्या क्रमांकावर आला होता. यांतील ज्यांच्यावर मायदेशी परतण्याची वेळ येते, त्यांच्यापैकी अनेकांची चूक मुलाखतीत झालेली नसते. ती नंतर, अमेरिकेत राहताना झालेली असते.

याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. व्हिसा म्हणजे अमेरिकेत राहण्याचा परवाना, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. वास्तविक पासपोर्टवरचा व्हिसा ही केवळ अमेरिकेच्या दारापर्यंत जाऊन प्रवेश मागण्याची मुभा होय. आत घ्यायचे की नाही, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो. आत घेतल्यावर विद्यार्थ्याला जो कायदेशीर दर्जा मिळतो, त्याला 'स्टेटस' म्हणतात. ही बाब व्हिसाहून सर्वस्वी वेगळी आहे. अमेरिकेत असताना व्हिसाची मुदत संपली तरी स्टेटस शाबूत असेल तर काहीही बिघडत नाही. सुटीत भारतात आल्यास परतण्यापूर्वी नवा व्हिसा घ्यावा लागतो, इतकेच. उलटपक्षी व्हिसाची चार वर्षे शिल्लक असतानाही स्टेटस गमावलेला विद्यार्थी तिथे बेकायदा ठरतो.

एफ, एम आणि जे

अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्यात विद्यार्थ्यांसाठी 'एफ' हा वर्ग आहे. महाविद्यालय, विद्यापीठ किंवा भाषाशिक्षण संस्थेत पूर्ण वेळ शिकणाऱ्यास एफ-१ व्हिसा मिळतो. व्यावसायिक प्रशिक्षणासाठी एम-१ आहे; आपल्याकडून जाणाऱ्यांत त्याचे प्रमाण अल्प आहे. 'जे' हा वर्ग १९६१ च्या शैक्षणिक व सांस्कृतिक देवाणघेवाण कायद्यातून आला. संशोधक, अध्यागत प्राध्यापक, शिष्यवृत्तीधारक, प्रशिक्षणार्थी, तसेच रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून जाणारे बहुतेक वैद्यकीय पदवीधर या वर्गात मोडतात. एफ-१ साठी विद्यापीठ 'आय-२०' हा दस्तऐवज देते, तर जे-१ साठी यजमान संस्था 'डीएस-२०१९' देते. एफ-१ विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. जे-२ जोडीदाराला मात्र परवाना काढून करता येते. लग्न ठरवताना ही गोष्ट विचारून घेतलेली बरी. नोकरी सोडून पतीपाठोपाठ गेलेल्या आणि तिथे घरीच बसून राहाव्या लागलेल्या उच्चशिक्षित मुली आपल्या परिचयात सहज सापडतील.

मुलाखतीतील नकारांचे मुख्य कारण असते कलम २१४(ब). प्रत्येक अर्जदार कायमचे स्थायिक होण्याच्या हेतूनेच येत आहे, असे हे कलम गृहीत धरते. तसे नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. या नकारावर अपील नाही आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही. नव्याने अर्ज मात्र करता येतो. पहिल्या वर्षाचा खर्च भागवण्याइतका पैसा हाताशी आहे आणि पुढील वर्षांसाठीही खात्रीचा स्रोत आहे, हे दाखवावे लागते. त्यासाठी नातेवाइकांकडून आठवड्याभरासाठी रक्कम आणून खाते फुगवण्याचा सल्ला देणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. अशा सल्लागाराकडून लगेच उठून यावे. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास तो नकार २१४(ब) पुरता राहत नाही. अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते.

'सेव्हिस'ची नजर

विद्यार्थ्यांवरील देखरेखीची आजची पद्धत जुनी नाही. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली झालेल्या बाँबस्फोटातील एक आरोपी विद्यार्थी व्हिसावर आलेला होता. त्यानंतर १९९६ च्या कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर ठेवण्याचा आदेश दिला, पण काम रेंगाळले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोरांपैकी एक जण विद्यार्थी व्हिसावर आला होता. त्याहून नामुष्कीची गोष्ट म्हणजे, हल्ल्याला सहा महिने उलटल्यावर, मार्च २००२ मध्ये, दोन मृत हल्लेखोरांना विद्यार्थी दर्जा मंजूर झाल्याची सूचना फ्लोरिडातील विमानचालन प्रशिक्षण संस्थेकडे पोहोचली. या प्रकारानंतर चक्रे फिरली आणि २००३ मध्ये 'सेव्हिस' ही संगणकीय नोंदव्यवस्था सर्व संस्थांना बंधनकारक झाली. तिचे शुल्क विद्यार्थ्यालाच भरावे लागते. जून २०१९ मध्ये ते एफ-१ साठी ३५० डॉलर आणि बहुतेक जे-१ साठी २२० डॉलर करण्यात आले. जून २०२३ पासून लागू झालेले १८५ डॉलरचे व्हिसा अर्जशुल्क त्याहून निराळे आहे.

विद्यार्थ्याची सेव्हिसमधील नोंद विद्यापीठाचा नियुक्त अधिकारी, म्हणजे 'डीएसओ', सांभाळतो. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही. घराचा पत्ता बदलल्यास १० दिवसांत कळवावे लागते. पदवी अभ्यासक्रमात प्रत्येक सत्रात साधारणतः किमान १२ क्रेडिटचे विषय घ्यावे लागतात आणि त्यांत ऑनलाइन विषय एकच मोजला जातो. अवघड गेलेला एखादा विषय सत्राच्या मध्येच सोडून द्यावा, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला साधे वाटते. पण डीएसओची पूर्वपरवानगी न घेता क्रेडिट कमी झाले, तर तेवढ्यावरून स्टेटस जाऊ शकतो. आजारपण किंवा अन्य अडचण असेल तर आधी विचारावे. परवानगीची तरतूद नियमांतच आहे, मात्र ती मागाहून मिळत नाही.

नोकरीचे नियम आणि फसव्या संस्था

सर्वाधिक विद्यार्थी अडचणीत येतात ते पैशाच्या गरजेपोटी. एफ-१ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. बाहेरच्या पेट्रोलपंपावर, मोटेलमध्ये किंवा ओळखीच्या भारतीय उपाहारगृहात रोखीने काम करणे हा सरळसरळ नियमभंग होय. अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून करावयाच्या प्रशिक्षणास 'सीपीटी' म्हणतात. त्यासाठी सामान्यतः एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेले असावे लागते. अभ्यासक्रमातच तशी गरज असेल, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना याला अपवाद आहे. सीपीटी पूर्ण वेळ आणि १२ महिने वा अधिक केले, तर त्याच स्तरावरील 'ओपीटी'चा हक्क संपतो.

ओपीटी म्हणजे शिक्षणाच्या विषयाशी निगडित नोकरीची १२ महिन्यांची मुभा. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांना २००८ मध्ये १७ महिन्यांची वाढीव मुदत मिळाली. २०१६ मध्ये ती २४ महिने झाली. कर्ज काढून जाणाऱ्या बहुसंख्य भारतीयांचे सारे गणित या तीन वर्षांवर बेतलेले असते. म्हणूनच दोन आकडे पाठ असावेत : पहिल्या १२ महिन्यांत बेकारीचे दिवस एकूण ९० हून अधिक होता कामा नयेत, आणि वाढीव मुदत धरून १५० हून अधिक नकोत. वाढीव मुदतीसाठी कंपनी 'ई-व्हेरिफाय' योजनेत नोंदलेली असावी लागते. दिवस भरत आले की कागदोपत्री नोकरी दाखवणाऱ्या कंपन्या पुढे येतात. त्यांच्या नादी लागलेल्यांची नावे सेव्हिसमध्ये त्या कंपनीशी कायमची जोडली जातात आणि पुढे कधीतरी नेमके तेच विचारले जाते.

विद्यापीठाच्या निवडीतही असाच धोका आहे. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर जानेवारी २०११ मध्ये छापा पडला, तेव्हा तिथे दीड हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी नोंदलेले होते. त्यांत तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील तरुणांचा भरणा मोठा होता. अनेकांनी वर्गाचे तोंडही पाहिले नव्हते. काही विद्यार्थ्यांच्या पायात इलेक्ट्रॉनिक पट्टे अडकवले गेले आणि भारत सरकारला निषेध नोंदवावा लागला. संस्थापिकेला २०१४ मध्ये सोळा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. पुढचा प्रकार आणखी विलक्षण. मिशिगनमधील 'फार्मिंग्टन विद्यापीठ' खुद्द अमेरिकी सरकारच्या तपासयंत्रणेनेच थाटलेले होते. तिथे वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. पण संकेतस्थळ होते, शुल्क होते आणि सीपीटीची पत्रे मिळत होती. जानेवारी २०१९ च्या अखेरीस सुमारे १३० विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले, त्यांत जवळजवळ सर्व भारतीय होते. सरकारने असा सापळा लावावा का, हा प्रश्न उरतोच. भरलेले शुल्क परत मागणारा एका विद्यार्थ्याचा दावा न्यायालयाला ऐकता येईल, असे तेथील फेडरल अपील न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले. तथापि शिकायचे काहीच नाही हे ठाऊक असून नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला 'मला एजंटने सांगितले' हा बचाव तारू शकला नाही. आय-२० वर सही विद्यार्थ्याची असते. संस्था सरकारच्या अधिकृत यादीत आहे, एवढ्यावर विसंबू नये. फार्मिंग्टनही त्या यादीत होते. मान्यता कोणत्या संस्थेने दिली, प्राध्यापक कोण आणि तास खरोखर होतात का, हे तिथे शिकणाऱ्यांकडून जाणून घ्यावे.

जे-१ : परत येण्याची अट

जे-१ व्हिसाधारकांपैकी काहींना कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहणे बंधनकारक असते. ते पूर्ण होईपर्यंत त्यांना एच-१ बी व्हिसा अथवा ग्रीन कार्ड मिळू शकत नाही. हे कलम २१२(ई). ज्ञान घ्यावे आणि ते आपल्या देशात न्यावे, ही त्यामागील कल्पना. ती आपल्याला अपरिचित नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनाही परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार करून द्यावा लागला होता.

ही अट तीन कारणांनी लागू होते : अमेरिकी किंवा मायदेशाच्या सरकारचा पैसा मिळाला असल्यास, आपला विषय मायदेशासाठी आवश्यक कौशल्यांच्या यादीत असल्यास, किंवा अमेरिकेत निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घेतल्यास. यांतील दुसऱ्या कारणात मोठा बदल झाला आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये कौशल्यांची यादी सुधारली आणि भारताचे नाव त्यातून वगळले. केवळ त्या यादीमुळे अडकलेल्या जुन्या जे-१ धारकांनाही याचा लाभ आहे. फुलब्राइट शिष्यवृत्तीधारक आणि डॉक्टर यांची अट मात्र कायम आहे. ही अट माफ करून घेण्यासाठी भारत सरकारचे 'हरकत नाही' पत्र हा एक मार्ग असतो. निवासी डॉक्टरांना तो अमेरिकी कायद्यानेच बंद आहे. वैद्यकीय सुविधा अपुऱ्या असलेल्या भागात तीन वर्षे सेवा देण्याचा पर्याय त्यांच्यापैकी अनेक जण स्वीकारतात.

जे-१ धारकाला संपूर्ण काळ आरोग्य विमाही ठेवावा लागतो. प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान एक लाख डॉलरचे संरक्षण हवे. पैसे वाचवण्यासाठी तो जाणूनबुजून न घेतल्यास कार्यक्रमच रद्द होतो. कार्यक्रम संपल्यावर निघण्यासाठी जे-१ ला ३० दिवस मिळतात. एफ-१ ला ६० दिवस मिळत आले आहेत.

कराबाबत एक उपयुक्त गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. १९८९ च्या भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ नुसार भारतीय विद्यार्थ्याला अमेरिकी रहिवाशांप्रमाणे 'स्टँडर्ड डिडक्शन' घेता येते. बहुतेक अन्य देशांच्या विद्यार्थ्यांना ही सवलत नाही. शिवाय पहिली पाच कॅलेंडर वर्षे एफ-१ विद्यार्थ्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षेची कपात होऊ नये, असा नियम आहे. ती झाली असल्यास कंपनीकडे परत मागावी. उत्पन्न नसले तरी फॉर्म ८८४३ भरावाच लागतो.

२०२५ मधील बदल

२०२५ हे वर्ष या क्षेत्रात उलथापालथीचे ठरले. मार्च-एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक रद्द झाल्या. पोलिसांकडे कधीकाळी झालेली किरकोळ नोंद, प्रसंगी वाहतुकीचा गुन्हा, एवढेही कारण पुरले. ठिकठिकाणच्या न्यायालयांनी ताशेरे ओढल्यावर एप्रिलअखेरीस त्या पूर्ववत करण्यात आल्या. मे महिन्याच्या अखेरीस मुलाखतींच्या नव्या तारखा देणे थांबले; जूनमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, त्या समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याच्या अटीसह. मुलाखतीतून मिळणारी सूट सप्टेंबरपासून बहुतांशी बंद झाली. तसेच अर्ज स्वतःच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा, असे ठरले. जुलैमध्ये मंजूर झालेल्या कायद्यात २५० डॉलरच्या आणखी एका व्हिसा शुल्काची तरतूद आहे.

सर्वांत दूरगामी ठरू शकतो तो ऑगस्ट २०२५ मधील प्रस्ताव. आजवर विद्यार्थ्याच्या प्रवेशनोंदीवर परतीची तारीख नसे. 'डी/एस', म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंत, एवढीच अक्षरे असत. त्याऐवजी कमाल चार वर्षांची ठराविक मुदत द्यावी, त्यापुढे सरकारकडे नव्याने अर्ज करायला लावावा आणि एफ-१ चे अखेरचे ६० दिवस ३० वर आणावेत, असे त्यात सुचवले आहे. पीएच.डी. करणाऱ्यांना चार वर्षे क्वचितच पुरतात. तेव्हा अशा दीर्घ अभ्यासक्रमासाठी निघणाऱ्यांनी या नियमाची ताजी स्थिती विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावी. विमानतळावर उतरल्यानंतर आपली आय-९४ नोंद संकेतस्थळावरून त्याच दिवशी उतरवून घ्यावी आणि तीवर काय लिहिले आहे ते वाचावे. तिथे चूक असेल तर ती पहिल्या आठवड्यात दुरुस्त करून घेणे सोपे असते.