टाक्यांची पुस्तकं आणि रद्दीचा तराजू

जुन्या पुस्तकांच्या बाजारात एक साधा हिशेब चालतो. पानं स्वच्छ असली, बांधणी घट्ट असली, कुठे शाईचा डाग नसला की भाव चढतो. भरतकाम, विणकाम आणि लेसच्या पुस्तकांना मात्र हा हिशेब लागू पडत नाही. ही पुस्तकं वाचून कपाटात ठेवण्यासाठी छापलेलीच नव्हती. नमुना कापडावर उतरवायचा तर रेषेवर सुईने बारीक भोकं पाडायची, पान कापडावर ठेवायचं आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची. भोकांतून खाली ठिपके उमटायचे, त्या ठिपक्यांवर टाके चालायचे. असं चार-पाच वेळा झालं की पान फाटायचं. सोळाव्या शतकात युरोपात छापलेली नमुन्यांची पुस्तकं आज इतकी दुर्मीळ आहेत, त्याचं एक मोठं कारण हेच आहे. बायकांनी ती वापरून संपवली.

आपल्याकडे ती वेगळ्या वाटेने संपतात. नानीच्या ट्रंकेतली विणकामाची पुस्तिका रद्दीत किलोच्या भावाने जाते. दुपट्ट्याचा सच्चा गोटा सराफाकडे तोळ्याच्या भावाने जातो, तो जाळून त्यातली चांदी काढली जाते. दोन्ही ठिकाणी तराजू आहे. पण हाताचं काम मोजण्याची सोय दोन्ही तराजूंत नाही. म्हणून या पुस्तकांचा आणि साहित्याचा इतिहास समजून घ्यायला हवा. तो कळला तर आपल्या घरात काय पडून आहे, हेही कळेल.

पुस्तकाआधीचं कापड

मुस्लिम जगात सुईच्या आणि मागाच्या कामाला दरबारी मान होता. इब्ने खल्दूनने चौदाव्या शतकात लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’मध्ये ‘तिराझ’वर स्वतंत्र प्रकरण आहे. तिराझ म्हणजे कापडावर विणलेली किंवा भरलेली अक्षरांची पट्टी. त्यात सुलतानाचं नाव असे. त्यासाठी खास कारखाने होते आणि त्यांच्यावर नेमलेला अधिकारी होता. सिक्क्यावर आणि खुत्ब्यात जसं राज्यकर्त्याचं नाव, तसंच ते कापडावर.

ही झाली दरबाराची गोष्ट. घरातल्या सुईची गोष्ट मात्र कुठल्या तवारिखेत सापडत नाही. ती सापडते इजिप्तच्या कोरड्या मातीत. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये पर्सी न्यूबेरी या इजिप्तच्या अभ्यासकाने जमवलेला संग्रह आहे. त्यात इजिप्तमधले मुस्लिम काळातले भरतकामाचे हजारभर तुकडे आहेत. त्यांतले बरेचसे मामलुक काळातले, म्हणजे 1250 ते 1517 या दरम्यानचे. त्यात काही तुकडे फार बोलके आहेत. तागाच्या कापडावर रंगीत रेशमाने इथे एक चौकोन, तिथे एक वेल, कोपऱ्यात अर्धीच सोडलेली नक्षी. ना तो रुमाल, ना कुर्त्याची बाही. तो नमुना आहे. एखादीने पाहिलेली नक्षी विसरू नये म्हणून कापडावर टिपून ठेवली. पुढे लागेल तेव्हा धागे मोजून ती तशीच उतरवता यावी, हा त्यामागचा हेतू.

आजही शिवणक्लासच्या मुली अशीच फाईल करतात. एका पानावर साखळी टाका, दुसऱ्यावर गहू टाका, तिसऱ्यावर काजे टाका, आणि खाली नाव. बी.एड.ला कार्यानुभवाच्या वह्या भरताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की या वहीचे पूर्वज कैरोत आहेत.

त्या मामलुक कापडांवर धावदोऱ्याचा एक प्रकार वारंवार दिसतो. सुई एकदा पुढे जाते आणि परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरते. त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. युरोपात याला ‘होल्बाइन टाका’ म्हणतात, कारण हान्स होल्बाइन या चित्रकाराने सोळाव्या शतकात रंगवलेल्या व्यक्तिचित्रांत कॉलरवर आणि बाह्यांवर तो दिसतो. नाव चित्रकाराचं पडलं. त्याच्याही आधी कैरोत ज्या हातांनी तो घातला, त्यांचं नाव कुणालाच माहीत नाही. आपल्या शेजारी धारवाडच्या कसुतीतही याच रीतीचा टाका आहे, त्याला गवंती म्हणतात.

‘अरबी पद्धत’ छापली जाते

छापखाना आल्यावर कापडावरचे नमुने कागदावर आले. जर्मनीत 1520 च्या दशकात अशी पहिली पुस्तकं निघाली. 1527 मध्ये व्हेनिसला जोव्हानी अंतोनियो ताल्येंते याचं पुस्तक आलं. ताल्येंते मूळचा सुलेखनाचा शिक्षक, म्हणजे खुशनवीस. भरतकामाच्या प्रकारांची नावं सांगताना तो ‘मूरी’ आणि ‘अरबी’ नक्षीचा उल्लेख करतो. 1530 मध्ये पॅरिसला फ्रांचेस्को पेलेग्रिनो याच्या पुस्तकाच्या नावातच ‘अरबी आणि इटालियन पद्धत’ असे शब्द होते.

यात नवल काही नाही. व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रिया, दमिश्क आणि इस्तंबूलशी पिढ्यान्पिढ्या व्यवहार करत होते. गालिचे, रेशीम, पितळेची भांडी यांच्याबरोबर नक्षीही गेली. आज आपण जिला ‘युरोपियन’ कलाकुसर म्हणून ओळखतो, तिच्या पहिल्या छापील पुस्तकांतच अरबी नक्षी बसलेली आहे. हे सांगण्यात फुशारकी नाही. सुई आणि दोरा सरहद्द मानत नाहीत, एवढंच त्यातून दिसतं.

पुढे लेसची पुस्तकं आली. लेसचे मुख्य प्रकार दोन. एक सुईची लेस, जिच्यात कापडाचा आधार सोडून हवेतच टाक्यांची जाळी उभी राहते. दुसरी बॉबिनची. तिच्यात उशीवर टाचण्या टोचून, लाकडी काड्यांवर गुंडाळलेले दोरे एकमेकांवरून फिरवत जाळी गुंफतात. बॉबिन लेसच्या नमुन्यांचं पुस्तक ‘ले पोंपे’ 1557 मध्ये व्हेनिसला निघालं. 1561 मध्ये झुरिकला आणखी एक आलं. त्याची लेखिका मुलींना लेस शिकवणारी बाई होती. प्रस्तावनेत ती सांगते की ही कला 1536 मध्ये व्हेनिस आणि इटलीच्या व्यापाऱ्यांबरोबर तिच्या मुलखात आली आणि हुशार बायकांनी ती पाहून पाहून उचलली. एका शिक्षिकेने आपल्या हुनराचा इतिहास स्वतः लिहून ठेवला. तिचं पूर्ण नाव मात्र पुस्तकावर नाही, फक्त ‘आर. एम.’ ही दोन अक्षरं आहेत.

नुसतं पुस्तक पुरत नाही

पुस्तक असलं म्हणजे हुनर वाचतो का? याचं उत्तर व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावर मिळतं. सुईच्या लेससाठी हे बेट एके काळी मशहूर होतं. एकोणिसाव्या शतकात तिथली ही कला जवळपास मिटली. 1872 च्या कडाक्याच्या थंडीत मासेमारी बंद पडली आणि कोळ्यांच्या घरांवर उपासमार आली. मदत गोळा करणाऱ्या काही मंडळींना वाटलं, जुनी लेस पुन्हा सुरू केली तर बायकांच्या हाताला काम मिळेल. पण शिकवणार कोण? बेटावर एकच म्हातारी उरली होती जिच्या हातात तो टाका होता. तिला चेंचा स्कार्पारियोला म्हणत. वय सत्तरीचं, आणि वर्ग घेऊन शिकवणं तिला जमणारं नव्हतं. तेव्हा गावच्या मुलींच्या शाळेतली शिक्षिका आन्ना बेलोरियो देस्ते तिच्याजवळ जाऊन बसली, बघून बघून टाका शिकली आणि मग तिने तो मुलींना शिकवला. काही वर्षांतच बुरानोच्या शाळेत शेकडो मुली काम करू लागल्या. आज तिथे लेसचं संग्रहालय आहे.

त्याच दशकात व्हेनिसचा प्रकाशक ओंगानिया सोळाव्या शतकातल्या लेसच्या पुस्तकांच्या हुबेहूब प्रती छापत होता. नक्षी पुस्तकातून मिळत होती, टाका चेंचाच्या हातातून. नक्षी कुठे जाते हे पुस्तक दाखवतं. पण दोरा किती ताणायचा आणि अंगठा कुठे दाबायचा, हे हातच सांगतो. शिक्षिका या दोघांच्या मध्ये बसली म्हणून काम झालं.

1886 मध्ये तेरेझ द दिलमाँ या ऑस्ट्रियात जन्मलेल्या बाईंनी हे अंतर पुस्तकातच कमी करण्याचा मोठा प्रयत्न केला. त्यांचा सुईकामाचा ज्ञानकोश टाक्यागणिक आकृती देतो. सुई कुठून शिरते, कुठून निघते, दोरा कोणत्या बाजूला राहतो, सगळं दिसतं. अल्सासच्या डीएमसी या दोरा बनवणाऱ्या कंपनीशी त्या जोडलेल्या होत्या, त्यामुळे कोणत्या कामाला कोणत्या नंबरचा दोरा हेही त्यात येतं. पुस्तक दोरा विकत होतं आणि दोरा पुस्तक. ते अनेक भाषांत गेलं.

आपल्या घरातली किताब

आपल्याकडे नमुन्याचं पुस्तक बरेचदा लाकडाचं असतं. लखनौच्या चिकनकारीत आधी लाकडी ठप्प्याने कापडावर निळ्या रंगात नक्षी छापतात. मग बायका त्यावर टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे टाके घालतात. काम झालं की धुलाईत निळा रंग निघून जातो. हा ठप्पा म्हणजे चिकनची किताब. पण मुर्री कशी घालायची हे ठप्प्यावर नसतं, ते अम्मीच्या हातात असतं.

कागदाची परंपराही आपल्याकडे आहे. 1898 मध्ये लाहोरहून ‘तहजीबे निस्वां’ हे उर्दू साप्ताहिक सुरू झालं, त्याच्या संपादक मुहम्मदी बेगम होत्या. 1908 मध्ये दिल्लीहून राशिदुल खैरी यांचं ‘इस्मत’ निघालं. तालीम, घर, आरोग्य यांच्याबरोबर दस्तकारीलाही या पत्रिकांत जागा होती. पडद्यात राहणाऱ्या बायकांना एकमेकींचं लिहिलेलं वाचता येत होतं. बंधलेल्या फायली कुठे हाती लागल्या तर अग्रलेखांबरोबर ती पानंही बघा. अभ्यासक बहुतेक ती सोडून पुढे जातात.

आणि मुंबईत अजून जिवंत असलेलं काम म्हणजे बोहरा समाजाची पांढरी-सोनेरी टोपी. घरातल्या बायका ती क्रोशाच्या सुईने विणतात.

ओळखायचं कसं, जपायचं कसं?

भेंडी बाजारातली उर्दू किताबांची दुकानं असोत, चोर बाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की स्वतःच्या घरची ट्रंक, काही गोष्टी बघाव्यात.

साल छापलेलं नसेल तर किंमत बघा. आपल्याकडे दशमान नाणी एप्रिल 1957 मध्ये आली. किंमत आण्यांत असेल तर पुस्तिका साधारण त्याआधीची. ‘नये पैसे’ असेल तर 1957 ते 1964 च्या दरम्यानची, कारण 1964 मध्ये ‘नये’ हा शब्द गेला.

मोठी घडी घातलेली नमुन्याची पानं पाठीमागे आहेत का ते पाहा. बहुतेकदा हीच हरवलेली असतात. ती शाबूत असतील तर मुखपृष्ठ फाटलं तरी बिघडत नाही.

सुईची भोकं, पेन्सिलीने मोजलेली घरं, समासात उर्दू किंवा मोडीत लिहिलेले आकडे, पानात अडकलेला रेशमाचा तुकडा, हे डाग समजू नका. पुस्तक कुणी आणि कसं वापरलं याचा पुरावा तेवढाच असतो. खोडरबर लावू नका.

काम करायचं असेल तर मूळ प्रतीमागे धावू नका. दिलमाँचं पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतं. हुबेहूब प्रतीतूनही नक्षी तेवढीच उतरते. मूळ प्रत इतिहासासाठी, नक्कल हातासाठी.

जुन्या दोऱ्याची लच्छी ओढून पाहा. चटकन तुटत असेल तर कामाला घेऊ नका, पण लेबल आणि नंबर जपा. गोटा काळा पडला म्हणून सराफाकडे नेऊ नका. सच्च्या जरीत चांदी असते, आणि चांदी काळवंडतेच.

चिकटपट्टी आणि लॅमिनेशन टाळा. धुऊन खळ काढलेल्या सुती कापडात वस्तू गुंडाळा. घड्या दर काही महिन्यांनी बदला, म्हणजे एकाच रेषेवर कापड विरणार नाही. कात्री, सुया, ठप्पे वेगळे ठेवा, गंजाचा डाग कापडातून निघत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवा. कुणी केलं, कुठे, साधारण केव्हा, टाक्याला घरात काय म्हणत होते. बाजारात अशी चिठ्ठी नसलेला रुमाल फक्त ‘जुना रुमाल’ असतो.

कैरोच्या त्या बाईचं नाव गेलं, झुरिकच्या शिक्षिकेची दोन अक्षरं उरली, चेंचाचं नाव मात्र पूर्ण राहिलं, कारण तिच्या हयातीत कुणीतरी तिच्याशेजारी जाऊन बसलं. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या खानदानात अशा खाला आणि दादी अजून आहेत. मोबाइलवर त्यांच्या हातांचं चित्रण करायला पाच मिनिटं लागतात. शाळेच्या सुट्टीत मुलींना, आणि मुलांनाही, एवढा एकच गृहपाठ द्यावा: घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून एक टाका शिकून या आणि त्याचं नाव वहीत लिहून आणा.